ट्रेकच्या शेवटच्या दिवशी घासाघीस करू नका

व्हिएतनामच्या सा पा भागात ट्रेक करून आलेल्या आपल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "बाकी सगळं छान, पण त्या वस्तू विकणाऱ्या बायका फार मागे लागतात." मी नुकतीच तिथून आले आणि मला ही तक्रार अजिबात पटत नाही.

आमचा शेवटचा दिवस मुओंग होआ खोऱ्यातून खाली उतरण्याचा होता. वरच्या अंगाला 'काळे ह्मोंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातीची गावं, मध्ये ता वान गावात ज्याय जमात आणि पार खाली बान हो गावात ताय जमात. घरं बघितली तरी गाव कुणाचं ते समजतं. ह्मोंगांची घरं थेट जमिनीवर बांधलेली, तायांची लाकडी खांबांवर उचललेली. रात्री पाऊस झाल्यामुळे बांबूच्या बनातली वाट पार निसरडी झाली होती. आमच्या गाईडबरोबर गावातल्या आणखी काही ह्मोंग बायका सकाळपासूनच चालायला लागल्या. पाठीला बांबूची करंडी, पायात साध्या प्लास्टिकच्या चपला, आणि हात सतत कामात. भांगेच्या झाडाच्या सालीचे तंतू टोकाला टोक लावून पिळत त्या चालतात. उतार आला की ते काम कमरेला खोचायचं आणि आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या मावशींचा हात धरायचा. मावशी एकदाही पडल्या नाहीत.

जेवणाच्या थांब्यावर करंड्या उघडल्या. पिशव्या, पट्टे, उशांचे अभ्रे बाहेर आले, तसे आमच्यातले काही चेहरे आक्रसले. "म्हणजे हे सगळं विकण्यासाठीच होतं तर!"

हो, विकण्यासाठीच होतं. मग बिघडलं काय? त्यांनी आधी अर्धा दिवस कष्ट केले आणि नंतर पैशांचा विषय काढला. इतका सरळ व्यवहार आपल्याला शहरात तरी कुठे मिळतो?

डोंगरउतारावरची ती भाताची खाचरं, ज्यांचे फोटो आपण सगळेच टाकतो, त्यांत वर्षाला एकच पीक निघतं. मे-जूनमध्ये लावणी, सप्टेंबरच्या सुमारास कापणी, आणि नंतर अशी थंडी की दुसऱ्या पिकाचा विचारच नको. तो भात घरात खायलाच लागतो. रोख पैसा म्हणजे जंगलाच्या सावलीत होणारी, आपल्या मसाला वेलचीच्या जातकुळीतली वेलची. तीही 2016 च्या जानेवारीतल्या बर्फाने ठिकठिकाणी मारली. त्यानंतर हातात उरतं ते कापड आणि पर्यटक.

कापडाचं म्हणाल तर साल सोलणं, तंतू जोडणं, विणणं, मेणाने नक्षी काढणं, मग नीळीच्या पिंपात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. रंग हवा तसा गडद होईपर्यंत हे कितीतरी दिवस चालतं. आमच्या गाईडची बोटं नखांपर्यंत निळी होती. सा पाच्या बाजारात यंत्रावर छापलेला मालही भरपूर मिळतो आणि तो स्वस्त असतो. त्याचा भाव सांगून हाताने हे सगळं करणाऱ्या बाईशी घासाघीस करणं मला अन्यायाचं वाटतं. नको असेल तर "नको" म्हणा, हसून म्हणा. पण घ्यायचं ठरवलंत तर दोन कप कॉफीइतक्या रकमेसाठी तिला अर्ध्यावर आणू नका.

मुलांच्या बाबतीत मात्र माझं मत बरोबर उलटं आहे. पाठीवर तान्हं भावंड बांधून धाग्यांचे गोफ विकणाऱ्या मुलीकडून काहीही घेऊ नका, गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. तिच्याकडून विकत घेतलं की तिला शाळेपेक्षा रस्ता फायद्याचा वाटतो आणि तिच्या घरच्यांनाही. त्या लहानग्या हातांकडे बघून पाकीट आवरणं फार जड जातं, तरी आवरा.

आणि गावाला खरा पैसा किती मिळणार हे बुकिंगच्या वेळीच ठरतं. हनोई ते सा पाजवळच्या लाओ काय शहरापर्यंतचा द्रुतगती मार्ग 2014 मध्ये झाला, फान्सिपान या व्हिएतनामच्या सर्वांत उंच शिखराची केबल कार 2016 मध्ये आली. आता 3,147 मीटरच्या शिखराजवळ केबल कारने साधारण पाव तासात पोचून, फोटो काढून माणसं परत फिरतात. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांनी जरूर जावं. पण त्या तिकिटातलं खोऱ्यातल्या घरांपर्यंत फारसं काही पोचत नाही. ट्रेक ठरवताना एजंटला थेट विचारा: गाईड त्याच गावची आहे का? तिला दिवसाचे किती मिळतात? मुक्काम गावकऱ्याच्या घरी की बाहेरच्या मालकाच्या होमस्टेमध्ये? आम्ही ज्या एजंटला हे विचारलं तो आधी गडबडला, मग सांगितलं त्याने. सा पामध्ये ह्मोंग बायकांनी स्वतः चालवलेले ट्रेकही मिळतात. शक्य असेल तर तेच घ्या.

गावांत एटीएमची आशा धरू नका. डोंग या तिथल्या चलनाच्या लहान नोटा सा पातूनच भरपूर घेऊन निघा, म्हणजे शेवटच्या दिवशी "सुट्टे नाहीत" म्हणायची वेळ येणार नाही. आणि गाईडची टीप वेगळ्या पाकिटात काढून ठेवा, ती एजंटकडे न देता तिच्याच हातात द्या.