मुलांचे ‘जळालेले’ फोटो ऑटोने दुरुस्त होत नाहीत

क्रीडादिन, उन्हाळी शिबिरं, गोदाघाटावरची सहल यांचे फोटो गोळा व्हायला लागले की नाशिकमधल्या पालकांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘मुलांचे फोटो सूर्य आपल्या पाठीशी घेऊन भर उन्हात बिनधास्त काढा. चेहरा पांढरा पडला तर हायलाइट्स खाली ओढा, रंग बिघडला तर ऑटो व्हाइट बॅलन्स दाबा. सगळं परत येतं.’ हायलाइट्स म्हणजे फोटोतले सर्वांत उजळ भाग, ‘जळालेला’ म्हणजे जास्त उजेडाने तपशील गेलेला आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रकाशाची झाक काढणारा रंगाचा तोल. हा सल्ला ऐकून चांगले फोटो वाया जातात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

‘हायलाइट्स ओढले की चेहरा परत येतो.’ जेपीईजी (नेहमीच्या, दाबून साठवलेल्या) फोटोत प्रत्येक बिंदूचा लाल, हिरवा आणि निळा रंग ० ते २५५ या आकड्यांत नोंदलेला असतो. कपाळावर तिन्ही आकडे २५५ झाले असतील, तर त्या जागी त्वचेचा पोत नोंदलाच गेलेला नाही. स्लायडर ओढल्यावर पांढऱ्या डागाचा राखाडी डाग होतो, एवढंच. रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची नोंद) असेल तर साधारण एक स्टॉपपर्यंत (म्हणजे दुप्पट उजेडापर्यंत) तपशील परत मिळू शकतो. जेपीईजीत ही सोय जवळजवळ नसते.

पण मुलांच्या फोटोंत जास्त वेळा घडतं ते वेगळंच. त्वचा लाल प्रकाश सर्वांत जास्त परावर्तित करते, त्यामुळे उन्हात आधी फक्त लाल चॅनल (लाल रंगाचे आकडे) २५५ला टेकतो. हिरवा आणि निळा अजून शाबूत असतात. अशा फोटोचं एक्स्पोजर (एकूण उजेड) कमी केलं की गाल पिवळट आणि सपाट दिसतो, कारण लालाचा खरा आकडा आधीच कापला गेलेला असतो. म्हणून एकत्रित हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) भागवू नका, तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहा.

फक्त लाल गेला असेल, तर दुरुस्ती जमते. फोटोशॉप किंवा गिंप या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरची (फोटोच्या थराची) प्रत करा, चॅनल मिक्सर उघडा आणि लाल आउटपुटमध्ये लाल ७५ टक्के, हिरवा २५ टक्के ठेवा. हिरव्या चॅनलमधला पोत लालात उतरतो. मग काळा मास्क (बदल झाकणारा पडदा) लावून मऊ ब्रशने फक्त जळालेल्या भागावर हा बदल उघडा. संपूर्ण चेहऱ्यावर लावलात तर ओठांची लाली जाईल. लेयर मल्टिप्लाय मोडवर (दोन थर गुणून गडद करणाऱ्या) टाकण्याचा उपायही सांगितला जातो, पण त्यात २५५चा २५५च राहतो. फिकट भाग गडद होतो, जळालेला तसाच उरतो आणि जास्तच डोळ्यांत भरतो.

‘ऑटो व्हाइट बॅलन्स कुठलीही झाक काढतो.’ ऑटोची साधी पद्धत संपूर्ण फोटोची रंगसरासरी राखाडी मानून चालते. गोदा पार्कमध्ये मूल हिरवळीवर बसलं असेल, तर ऑटो हिरवा जास्त आहे असं समजून किरमिजी रंग मिसळतो आणि मूल गुलाबी होतं. शिवाय झाडाखाली एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा प्रकाश असतो: कपाळावर आकाशाचा निळसर, हनुवटीखाली गवताचा हिरवट. एकच स्लायडर दोन्हींवर चालणार कसा? आधी टेम्परेचर (निळा-पिवळा तोल) थोडं वाढवून कपाळ ठीक करा, मग ब्रशने फक्त हनुवटी आणि गळ्यावर टिंट (हिरवा-किरमिजी तोल) किरमिजीकडे ८ ते १५ न्या. स्नॅपसीड या मोबाइल ॲपमध्येही केलेला बदल ब्रशने हव्या तेवढ्याच भागावर लावता येतो.

ड्रॉपरने (क्लिक केलेली जागा रंगहीन मानून झाक काढणाऱ्या साधनाने) पांढऱ्या गणवेशावर क्लिक करायचा मोह होतो. नीळ घातलेला शर्ट मुळातच निळसर असतो, त्यावर क्लिक केलं की चेहरा पिवळा पडतो. शर्ट जळालेला असेल तर तो आकडा निरुपयोगीच. खात्रीचा उपाय म्हणजे त्याच जागी, त्याच प्रकाशात मुलाच्या हातात राखाडी कार्ड देऊन एक फोटो आधी काढून ठेवणं. ते नसेल तर गालावरचे आकडे वाचा. उन्हातल्या गव्हाळ गालावर लाल २१०, हिरवा १६०, निळा १३० असा उतरता क्रम दिसायला हवा. सावळ्या त्वचेवर आकडे कमी असतील, क्रम तोच. निळा हिरव्याच्या पुढे गेला असेल तर निळसर किंवा जांभळट झाक शिल्लक आहे.

निळ्या ताडपत्रीच्या मंडपात किंवा रोपवाटिकेच्या हिरव्या शेडनेटखाली मात्र हात टेकावे लागतात. तिथे लाल प्रकाश फार कमी पोहोचतो. तो वाढवायला गेलं की नुसते दाणे वाढतात. असा फोटो कृष्णधवल करा. काढतानाच मुलाला कडेला, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभं केलं तर ही वेळ येत नाही.

‘सूर्य पाठीशी घ्या, भर उन्हात काढा.’ मुलं डोळे मिचकावतात, हे झालंच. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा पाठ कुठेही केली तरी कपाळ आणि नाक जळतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर सूर्य मुलाच्या मागे ठेवा आणि चेहऱ्यावर मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) करा. मोबाइलवर चेहऱ्याला टॅप करून उजेडाचा स्लायडर थोडा खाली घ्या. थेट उन्हात धावणाऱ्या मुलासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ/५.६ आणि शटर १/८०० सेकंद इथून सुरुवात करा.

काळाराम मंदिराच्या काळ्या दगडी भिंतीसमोर फोटो हमखास जळतो. कॅमेरा तो काळा दगड मध्यम राखाडी करायला बघतो आणि मुलाचा चेहरा पांढरा होतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ ठेवा.

याच सल्ल्याच्या काही आवृत्त्यांत ‘चेहरा उजळ करा, फोटो गोड दिसतो’ अशी पुस्ती असते. ती आम्हाला अजिबात मान्य नाही. सावळ्या मुलाचा चेहरा उजळवताना गालाचा पोत जातो आणि मुलाचा स्वतःचा रंगही. चुकीच्या प्रकाशाची झाक काढायची असते, त्वचेचा रंग नाही.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी आलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि त्यात रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. अशा प्रतीवरची झाक काढताना गालावर चौकोनी ठोकळे उमटतात. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.