पक्ष्यांची घाण वाळू द्या, सोडा चोळा, झाड छाटा: गाडीचा रंग घालवणारा सल्ला

"गाडीवर पक्षी शिटले तर घाई करू नका. वाळू द्या, मग कोरड्या फडक्यानं झटका. विष्ठा ॲसिड असते, म्हणून वर खाण्याचा सोडा चोळा. डाग राहिला तर टूथपेस्ट. पावसाळ्यात काही करायची गरज नाही, पाऊस धुऊन काढतो. सिरॅमिक कोटिंगवाल्यांनी तर बघूच नये. कायमचा उपाय पाहिजे असेल तर दारातलं झाड छाटा."

हा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला रंगाचं नुकसान करतो आणि शेवटचा तर झाडाच्याही मुळावर येतो. त्यामुळं एकेक मुद्दा घेतो.

आधी वाळू देण्याचं. सगळ्यात जास्त रंग यानंच जातो. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. आता एप्रिल-मेमध्ये बिंदू चौकाच्या पार्किंगला दुपारभर उभी असलेली काळी गाडी घ्या. बॉनेटचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. त्या उष्णतेत लॅकर किंचित मऊ होतो, फुगतो. त्याच वेळी वरची घाण वाळून कडक होत असते. संध्याकाळी पत्रा निवला की लॅकर आकसतो, पण घाणीखाली तो तिच्या खडबडीत आकारावरच बसतो. धुतल्यावर जी निस्तेज, वेडीवाकडी कड दिसते ती बहुतेक वेळा याच ठशाची असते. तिथं पृष्ठभागाचा आकारच बदललेला असतो, त्यामुळं कितीही शांपू लावा, तो जात नाही. उन्हाळ्यात असा ठसा उमटायला काही तास पुरतात.

आणि वाळलेलं कोरड्या फडक्यानं काढणं तर त्याहून वाईट. कबुतरं, चिमण्या दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, ते पोटाच्या पेषणीत राहतात आणि झिजले की बाहेर पडतात. बुलबुल, मैना, कोकीळ वडा-उंबराची फळं खातात, त्यांच्या बिया तशाच येतात. त्यात दिवसभराची धूळ. या सगळ्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बॉनेटला पॉलिश पेपर मारणं. वॉशिंग सेंटरवर गर्दी असली की पोरं पाणी मारायच्या आधीच खांद्यावरच्या फडक्यानं तो डाग खरवडतात. तिथं उभं राहून "आधी भिजव" म्हणायला अजिबात संकोच करू नका. वाळलेल्या घाणीची धूळ श्वासातून आत जाणंही फुप्फुसांना चांगलं नाही, भिजवण्याचं तेही एक कारण आहे.

ॲसिडचा मुद्दा अर्धा खरा आहे. पक्ष्यांची लघवी वेगळी पडत नाही. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे यूरिक ॲसिड. पण हे सौम्य आम्ल आहे. डाग जवळून बघा, पांढऱ्याच्या मध्ये किंवा कडेला काळपट-हिरवट भाग दिसेल. तो आतड्यातून आलेला असतो आणि त्यात पाचक विकरं (एन्झाइम) असतात, अन्नातले स्टार्च, प्रथिनं, चरबी तोडणारी. इराणमधल्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास मोटारीच्या क्लिअर कोटवर असे प्रयोग केले. पक्ष्यांच्या विष्ठेऐवजी त्यांनी पॅनक्रिएटिन हे पाचक विकरांचं मिश्रणही वापरलं, आणि त्यानंही लॅकरचं तसंच नुकसान झालं. म्हणजे उष्णता, विकरं आणि वेळ या तिन्हींचा हा उद्योग आहे. सोडा यातल्या एकालाही थांबवत नाही. तुम्ही चोळता तेवढे ओरखडे मात्र वाढतात.

टूथपेस्टबद्दल थोडक्यात. तिच्यात दात घासायला कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकासारखे बारीक कण घातलेले असतात. ते लॅकर खरवडतात, कड पुसट झाल्यासारखी वाटते, पण उन्हात तिरकं बघितलं की गोल-गोल रेघांचं जाळं दिसतं. रॉकेल-डिझेलचं फडकं फिरवणाऱ्यांनीही थांबावं. तेलकट थरावर धूळ आणखी धरते आणि काचांच्या रबरांची वाट लागते.

पाऊस धुऊन काढेल? आपल्याकडं जुलैत पाऊस झोडपतो हे खरं. पण यूरिक ॲसिड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणूनच मोठ्या सरीनंतरही टपावर पांढरट पोपडा तसाच असतो. शिवाय विकरांना काम करायला ओल लागतेच.

सिरॅमिक कोटिंगवर पैसे घातले असतील तर वाया गेले नाहीत. घाण कमी चिकटते, लवकर सुटते. पण तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. त्यानं तुम्हाला थोडा जादा वेळ मिळतो, सुट्टी मिळत नाही. वॅक्सचंही तेच.

करायचं काय ते सोपं आहे. डिकीत पाण्याची बाटली, त्यात चार थेंब कार शांपू, आणि दोन मायक्रोफायबर फडकी. पत्रा तापलेला असेल तर गाडी आधी सावलीत घ्या. ओलंचिंब फडकं डागावर पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा, मग वरच्या वर उचला. घासू नका. राहिलं तर पुन्हा भिजवा. शेवटी भरपूर पाणी ओता आणि दुसऱ्या फडक्यानं टिपून घ्या. तरीही कड राहिली आणि तिथं नख अडकत नसेल तर उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या पेंटरकडून मशीननं हलकं पॉलिश करून घ्या. नख अडकत असेल तर ठसा खोल गेलाय, पॅनेल रंगवण्यापर्यंत जाऊ शकतं.

आता झाडाचं. हा मुद्दा वाचून खरंच वाईट वाटलं. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं शिकारीत मोडतं. आणि बगळ्यांची वीण पावसाळ्यात असते, नेमकी 'पावसाळ्यापूर्वीची छाटणी' रेंगाळत पावसाळ्यात होते तेव्हा. रंकाळ्याकाठी किंवा ताराबाई पार्कात राहायला बरं वाटतंय ते या झाडांमुळंच.

पक्षी थव्यानं झाडावर येतात ते संध्याकाळी, मुक्कामाला. दुपारची दोन तास सावली घेतली तर सहसा थोडंच पडतं, रात्रभर तिथंच गाडी ठेवली तर टप भरतो. म्हणून दिवस मावळायच्या आत गाडी फांद्यांच्या आणि विजेच्या तारांच्या खालून काढा. जागाच नसेल तर सकाळी ऊन बॉनेटवर यायच्या आधी बाटली घेऊन खाली उतरा.