मागच्या मिस्त्रीची करणी

च्यायला, जुन्या गाडीतला बिघाड शोधायला पंधरा मिनिटं पुरतात, त्या बिघाडापर्यंत पोचायला मात्र दोन रविवार जातात. स्प्लेंडर घ्या, सीडी १०० घ्या, नाहीतर आरएक्स १०० घ्या. क्लच का घसरतोय ते कळलेलं असतं, प्लेटा आणून ठेवलेल्या असतात, आणि क्लचवरच्या कव्हरच्या स्क्रूंकडे नजर गेली की डोक्यात तिडीक जाते. आठातले पाच गुळगुळीत. फुलीच्या जागी वाटी झालेली. एकाच्या कडेला छिन्नीचे तीन घाव. एक स्क्रू जागेवर नाहीच, आणि ते कळू नये म्हणून भोकात ग्रीस भरून वर बोट फिरवलेलं.

हे स्क्रू खराब मालाचे नव्हते. जपानी घडणीच्या गाड्यांवरची फुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते आणि आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात सरसकट मिळतो तो फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर चढतं आणि जाता जाता खाचेच्या भिंती खरवडतं. त्यात ६ मिमीच्या स्क्रूला तीन नंबरचं टोक लागतं, तिथं मिस्त्री दोन नंबरचं लावून मनगटाची ताकद दाखवणार. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असला तर तो जेआयएस, एवढं बघायला काय भिंग लागतं?

बरं, अडकलाय तर काढायची रीत आहे. आधी खाचेतली माती टाचणीनं उकरायची. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवायचं. स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरून त्याच्या मुठीवर हातोडीचा एकच सरळ ठोका द्यायचा, म्हणजे आट्यांतला गंज तडकतो. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, हातोडीचा ठोका बसला की स्क्रू पिळणारा. तो सोडायच्या दिशेला लावलाय का हे आधी हातानं पिळून बघा, कारण उलटा लागला तर प्रत्येक ठोक्याला स्क्रू आणखी आवळतो आणि माणूस ठोकतच राहतो. फुली पार गेली असेल तर साडेसहा मिमीच्या ड्रिलनं डोकं उडवायचं. कव्हर सुटतं, मागं राहिलेला दांडा लॉकिंग पकडीत धरला की बऱ्याचदा अलगद फिरतो, कारण ताण डोक्याचा होता, तो गेलेला असतो. सगळं मिळून अर्धा तास. हा अर्धा तास मागच्याला नव्हता म्हणून पुढच्याचे दोन रविवार.

कव्हर निघालं म्हणून हुश्श करू नका. खरी चीड पुढं आहे. कव्हरचे स्क्रू एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, ज्याचा स्क्रू त्या भोकात खोवून ठेवायचा, हे पोरगंही करेल. न करता सगळे एका डब्यात टाकले की आखूड स्क्रू खोल भोकात जातो. ६ मिमीच्या स्क्रूचा आटा १ मिमीचा. आखूड स्क्रू चार आट्यांवर लटकला म्हणजे ॲल्युमिनियमची फक्त चार मिमी पकड, जिथं नऊ तरी हवी. तेल झिरपलं की मिस्त्री काय करतो? आणखी आवळतो. चार आटे चुऱ्यासारखे बाहेर येतात, मग टेफ्लॉन टेप, मग एम-सील, मग "जुनी गाडी हाय, तेल गळणारच". बसवताना सगळे स्क्रू नुसते भोकात सोडून बघा. बाहेर राहिलेला भाग सगळ्यांचा सारखा दिसला पाहिजे. एखादा उंच किंवा बुटका दिसला तर तो चुकीच्या घरात गेलाय.

आणि इंजिनचं तेल काढायचा ड्रेन बोल्ट! १७ चा पाना, त्यावर दोन फुटांचा पाइप, त्यावर माणूस. बाबांनो, ती काय खासबागेतली कुस्ती आहे? बोल्ट चितपट करायचा नसतो. लोखंडी बोल्ट मऊ ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बसतो. तेल अडवतो तो वायसर, ताकद नव्हे. वायसर दर वेळी नवा टाकला तर साध्या पान्यानं मनगटाच्या जोरावर काम होतं. वायसर काही रुपयांचा. तो वाचवून केसचे आटे घालवले जातात.

सगळ्यात राग याचा येतो की हे कोल्हापुरात होतं. ज्या गावात फौंड्रीतनं ओतीव माल निघून गावोगावी जातो, उद्यमनगरात लेथवर मायक्रॉनमध्ये माप धरणारी माणसं बसतात, तिथं ६ मिमीचा आटा जपता येऊ नये? गेलेला आटा सरळ करणंही अवघड नाही. ६.३ मिमीचं ड्रिल, हेलिकॉइलचा टॅप, आत स्प्रिंगसारखी गुंडाळी, झाला मूळ मापाचा पोलादी आटा. ड्रेनच्या भोकाला लेथवाल्याकडनं बुश मारून घेता येतो. पण नाही. भोक मोठं करून ८ चा बोल्ट ठोकायचा, म्हणजे कव्हरचं भोकही मोठं करायचं.

वायरिंगचं तर बोलूच नये. होंडाच्या घडणीत (स्प्लेंडर, सीडी १००) हिरवी वायर अर्थिंग, लाल बॅटरीची, काळीत चावी लावल्यावर करंट. यामाहात (आरएक्स १००) काळी अर्थिंग आणि चावीनंतरची तपकिरी. हे ज्याला माहीत नाही तो होंडाची काळी बॉडीला जोडतो, फ्यूज उडतो, फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा येतो. आणि तुटलेली प्रत्येक वायर जोडायला एकच रंग, जो रिळात शिल्लक असेल तो. पावसाळ्यात स्प्लेंडर बंद पडली की आधी सीडीआयला, म्हणजे स्पार्क सोडणाऱ्या डबीला, जाणारी काळी-पांढरी वायर बघा. ती बॉडीला टेकली की स्पार्क मरतो, चावी बंद केल्यावर हेच तर होतं. हॅन्डल वळतं तिथं आणि टाकीखाली ती घासते. सॉकेटमधनं ती एकटी सोडवून किक मारा. स्पार्क आला तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा वायरीत, नाही आला तर कॉइल, सीडीआय, इंजिनात वीज बनवणाऱ्या मॅग्नेटकडं वळा. मात्र अशी चालू केलेली गाडी चावीनं बंद होत नाही, गिअर टाकून ब्रेकवर मारावी लागते. पाच मिनिटांच्या या तपासणीऐवजी नवा सीडीआय गळ्यात मारलेल्या गाड्या गल्लोगल्ली आहेत.

कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकात, पिन घालणाऱ्यांचे हात बांधून ठेवायला पाहिजेत. ते भोक मिलिमीटरहून लहान. शतांशानं वाढलं तरी पेट्रोल जास्त, प्लग काळा. मग ते झाकायला हवेचा स्क्रू पिळत बसायचं. जेटला स्प्रे आणि हवेचा झोत, फार तर नायलॉनचा धागा. हवेचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं आत टेकवून वळसे मोजायचे आणि लिहून ठेवायचे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा स्क्रू, वाजतंय म्हणून आवळून गप्प करणारे वेगळेच. इंजिन थंड हवं, खिडकीत टी खूण समोर (पिस्टन वरच्या टोकाला), दोन्ही रॉकर मोकळे, मग फट मोजायची पट्टी, फिलर गेज. रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी असतं, पण असायलाच लागतं. आवाज मेला म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट न बसता जळत राहतो.

ती टी खूण दिसावी म्हणून डाव्या कव्हरवर दोन टोपणं दिलेली असतात, रुंद खाचेची. रुपयाच्या नाण्यानंही सुटतील अशी. मोठ्याची खाच छिन्नीनं फाडलेली. लहान टोपण हरवलेलं, आणि त्या भोकात एम-सीलचा गोळा, वर काळा रंग. टॅपेट सेट करायचं असेल तर आधी तो गोळा फोडा, आणि चुरा आत मॅग्नेटवर पडू नये म्हणून गाडी डावीकडं आडवी करून धरायला घरातलं एक माणूस उभं करा.