मुलं पळवणारी टोळी आणि मुकादमाची वही

‘मुलं पळवणारी टोळी खान्देशात शिरली आहे. अनोळखी माणूस दिसला की धरा. मानवी तस्करी रोखा, दहा ग्रुपवर पाठवा.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. पाठवणाऱ्यांना लेकरांची काळजी आहे, पण मेसेज धोकादायक आहे.

‘अनोळखी धरा.’ १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात ऐन बाजाराच्या दिवशी धरलेच होते. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्यांनी एकही मूल पळवलेलं नव्हतं. अफवा अशीच मोबाइलवरून आली होती.

‘तस्करी म्हणजे पळवून नेणं.’ नाही. फसवून, आमिष दाखवून, सत्तेचा गैरवापर करून शोषणासाठी माणूस नेला, तरी ती तस्करीच. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३७०, आता भारतीय न्याय संहितेचं १४३. माणूस ‘हो’ म्हणाला होता, हा बचाव तिथे चालत नाही.

आणि ‘हो’ म्हणवून घेणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या चाळीसगावकडच्या एका मुकादमाची वही मी पाहिली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, पुढे उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा आकडा, शेजारी निळा अंगठा. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली ती उचल. खाली खाडे मांडलेले. बाई बाळंत झाली तेही खाडेच. हंगाम संपला तरी उत्तर एकच, “उचल आजून फिटनी नही.” प्रत्येक ऊसतोड म्हणजे तस्करी, असं मी म्हणत नाही. पण फेडीच्या नावाखाली घरी परतू दिलं नाही, की ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने असं कर्ज फेडायची जबाबदारीच उरत नाही, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

मुलींचंही तसंच. ‘हुंडा नको, खर्च आमचा’ म्हणत सोयरीक आणणारी बाई नात्यातली असते. मुलगी परराज्यात जाते आणि फोन लागायचा बंद होतो. आईबापांना ‘पोरगी विकली’ म्हणण्याआधी कोरडवाहू तुकडा, सावकार आणि तीन पोरी पाहा. दलालाने ते आधीच हेरलेलं असतं.

दहा ग्रुपवर पाठवायचंच असेल तर हे पाठवा: शंका आली तर कुणाच्या अंगाला हात लावू नका. मुलांसाठी १०९८, नाहीतर ११२ लावा. आणि तुमच्या गल्लीतून उचल घेऊन गेलेली माणसं हंगामानंतर परतली का, ते बघून या.