अंगठा म्हणजे नक्की काय?

कॉलेज सोडून चाळीस वर्षं झाली, तरी कँटीनला नवा रंग लागला की ग्रुपवर शंभर मेसेज. "आपला कट्टा तोडला रे!" वर रडके चेहरे. पण मी विचारलं, "जानेवारीत मांडवी एक्सप्रेसने कोकणात, कोण कोण?" की स्मशानशांतता. मग एकेक अंगठा. अंगठा म्हणजे हो, की नुसतं वाचलं?

बुकिंग 60 दिवस आधी, सकाळी 8 ला उघडतं. ज्येष्ठांची सवलत 2020 मध्येच गेली, म्हणजे पैसे पूर्ण. तरी सहा तिकिटं मीच काढली. आदल्या रात्री बोरिवलीकर म्हणतो, "नातवाची प्रिलिम आहे रे." बाकीचे त्याच्या मागोमाग. पहाटे दादरला मी एकटा, हातात सहा जणांची थालीपिठं. ग्रुपवर लगेच: "फोटो टाक हं!"