हशा लंडनचा, विनोद कोणाचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आयरिश विनोदी मालिकांवरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि तितक्याच बारकाईने त्याची झाडाझडती घेतलीत, याबद्दल आभारी आहे. इतर वाचकांसाठी आपल्या आक्षेपांचा गोषवारा आधी देते. आपण नऊ वर्षे डब्लिनमध्ये राहत आहात. आपले म्हणणे असे की, एका काल्पनिक आयरिश बेटावरच्या तीन पाद्र्यांच्या ज्या ‘फादर टेड’ला मी आयरिश विनोदाचा मानदंड ठरवले ती मालिका मुळात लंडनच्या चॅनल फोर या वाहिनीची आहे आणि तिच्यात मागे ऐकू येणारा हशाही लंडनकरांचाच आहे, आयरिश माणसाला मठ्ठ ठरवून हसण्याची इंग्रजांची जुनी खोड तिच्यात आहे आणि पुण्यात बसून सबटायटल वाचणारी मी नकळत त्यांच्या पंगतीला जाऊन बसले आहे. शिवाय डेरी शहरातल्या शाळकरी मुलींवरची ‘डेरी गर्ल्स’ ही मालिका उत्तर आयर्लंडमधली, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतली आहे, ‘फादर टेड’मधल्या पाद्र्यांचे घर सांभाळणाऱ्या मिसेस डॉयलच्या चहाची आपल्याकडच्या आग्रहाशी घातलेली सांगड वरवरची आहे, आणि दुसऱ्याच्या धर्मगुरूंना हसताना आपल्या खिशाला काहीच चाट बसत नाही, असेही आपण लिहिले आहे.

यातली एक चूक निर्विवादपणे माझी आहे. ‘फादर टेड’ ही आरटीई या आयरिश सरकारी वाहिनीची निर्मिती असल्याचे मी लिहिले होते, ते साफ चुकीचे आहे. १९९५ ते १९९८ या काळातले तिचे पंचवीस भाग हॅट ट्रिक या लंडनच्या संस्थेने चॅनल फोरसाठी तयार केले. घरातले प्रसंग लंडनच्या स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित झाले आणि बाहेरचे बहुतेक क्लेअर परगण्यात. शीर्षकाच्या वेळी आकाशातून दिसणारे बेट म्हणजे इनिशीर. त्याच्या किनाऱ्यावर गंजत पडलेले जहाज १९६० साली तिथे खडकांवर चढले आणि त्याचे नाव ‘प्लासी’ आहे. (शाळेच्या इतिहासात वाचलेल्या लढाईचेच हे नाव. क्लाइव्हला आयरिश सरदारकी मिळाली तेव्हा ते क्लेअर परगण्याशी जोडले गेले. हे कळल्यावर मी शीर्षकाचा तेवढा तुकडा तीनदा पाहिला, हे कबूल करते.) लेखातले चुकीचे वाक्य मी दुरुस्त केले आहे.

मात्र पैसा आणि हशा लंडनचा, म्हणून विनोदही लंडनचा, हे आपले अनुमान मला पटत नाही. एक इंग्रज, एक स्कॉटिश आणि एक आयरिश अशा त्रिकुटाचा जो जुना इंग्रजी विनोद आहे त्यात आयरिश माणूस मूर्ख ठरतो, कारण त्याला मोजायला शेजारी शहाणा इंग्रज उभा केलेला असतो. क्रॅगी आयलंडवर, म्हणजे मालिकेतल्या त्या काल्पनिक बेटावर, ही मोजपट्टीच नाही. टेडचा तरुण सहकारी पाद्री डूगल बावळट आहे, पण त्याच्यापेक्षा शहाणा असलेला टेड ढोंगी, प्रसिद्धीला हपापलेला आणि पैशाच्या बाबतीत संशयास्पद आहे, तर फादर जॅक खुर्चीत लोळणारा दारुडा आहे, आणि दारावर येणारे बहुतेक पाहुणेही त्याच मातीतले आहेत. ग्रॅहम लिनहॅन आणि आर्थर मॅथ्यूज हे दोन्ही लेखक आयरिश. टेडचे काम करणारा डर्मट मॉर्गन हाही काही लंडनने शोधून काढलेला नट नव्हे. आरटीईच्या रेडिओवर ‘स्क्रॅप सॅटर्डे’ नावाच्या कार्यक्रमात तो पंतप्रधान चार्ल्स हॉही यांची यथेच्छ टर उडवत असे आणि १९९१ मध्ये तो कार्यक्रम बंद करण्यात आला. घरच्यांना तो पुरता ठाऊक होता. गप्प बसवण्याइतका ठाऊक होता, असे म्हटले तरी चालेल.

आता हशाबद्दल. ‘फादर टेड’च्या तिसऱ्या पर्वात एका पैजेपायी टेडला बिशप ब्रेनन यांच्या पार्श्वभागावर लाथ मारावी लागते. तो ती मारतो आणि लगेच काहीच घडले नसल्यासारखा निरागस चेहरा करून उभा राहतो. एका सामान्य पाद्र्याने आपल्याला लाथ मारावी, हे बिशपच्या कल्पनेतच बसत नसल्यामुळे तसे काही झालेलेच नाही अशी ते स्वतःची समजूत घालतात आणि रोमला निघून जातात. तिथे साक्षात पोपसमोर असताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो. लाथ पाहून कोणीही हसेल. लंडनकर हसले, मीही हसले. परंतु या प्रसंगातला खरा विनोद लाथेत नसून लाथ आणि उमज यांच्यामधल्या त्या लांबलचक अवकाशात आहे. ज्या समाजात बिशपसमोर मान वर करणे अशक्यप्राय होते त्याच समाजात वाढलेल्या माणसाला तो अवकाश सुचू शकतो आणि त्याची पूर्ण गंमतही तिथल्याच प्रेक्षकाला कळते. चाळीत पातळ भिंतीपलीकडचे भांडण आपल्याला शब्दन् शब्द ऐकू आले, तरी ‘त्या दिवशीचं’ म्हणजे कोणत्या दिवशीचे हे आपल्याला माहीत नसते. परदेशी प्रेक्षकाची अवस्था अशी असते. पण म्हणून ते भांडण आपल्याला उद्देशून चाललेले नसते, किंवा भिंत बांधणाऱ्या मालकालाही.

खिशाला चाट न बसण्याचा आपला मुद्दा मात्र मला टोचला आणि तो टोचायलाच हवा होता. पहिल्या वेळी पाहताना बिशप ब्रेनन यांना अमेरिकेत एक गुप्त मुलगा आहे, हा मला विनोदी लेखकांचा ठरावीक मसाला वाटला होता. गॉलवेचे बिशप एमन केसी यांना आपल्याला मुलगा असल्याचे उघड झाल्यावर १९९२ मध्ये पद सोडावे लागले होते, हे मी नंतर वाचले. मुलांवर अत्याचार करणाऱ्या ब्रेंडन स्मिथ या पाद्र्याच्या प्रकरणावरून १९९४ च्या अखेरीस तिथले सरकार कोसळले आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, एप्रिल १९९५ मध्ये, ‘फादर टेड’चा पहिला भाग प्रसारित झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटस्फोटाला परवानगी देणारे सार्वमत जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने मंजूर झाले. हे सगळे ठाऊक झाल्यावर मी तेच भाग पुन्हा पाहिले तेव्हा काही ठिकाणी माझे हसू ओठांवरच थांबले, आणि काही ठिकाणी, जिथे आधी काहीच कळले नव्हते, तिथे फुटले. आयरिश प्रेक्षकाने मोजलेली किंमत मी मोजलेली नाही, हे खरे. पण फुकट मिळालेले हसू खोटेच असते, असे मी म्हणणार नाही. मालिकेने त्या काळातल्या सर्वांत भीषण गोष्टीला जवळजवळ स्पर्शही केला नाही, यावर आपण टीका केली असती तर मला उत्तर देणे अधिक जड गेले असते.

चहाच्या बाबतीत आपले म्हणणे मला अर्धे मान्य आहे. ‘नको नको’ म्हणत पाहुण्याने आधी नकार द्यायचा आणि यजमानाने तो ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, एवढे साम्य पाहून मी मिसेस डॉयलला थेट आपल्या माजघरात आणून बसवले होते. नाताळच्या विशेष भागातला प्रसंग तेव्हा माझ्या नजरेतून निसटला. एक विक्रेता तिला चहाचे यंत्र दाखवतो आणि चहा करण्याचे सगळे कष्ट आता संपले असे सांगतो. त्यावर, मला ते कष्ट आवडत असतील तर, असे ती त्याला विचारते. आपल्या आग्रहात केंद्रस्थानी पाहुण्याचे पोट आणि यजमानाची अब्रू असते. इथे केंद्रस्थानी बाईचे कष्ट आहेत, कारण ते काढून घेतले तर तिच्यापाशी दुसरे काही उरत नाही. माझ्या आत्याला मिक्सर आणून दिला तेव्हा तिने तो फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि ‘चव येत नाही’ एवढेच कारण दिले. मला जाणवायला हवे होते ते नाते आग्रहाशी नव्हे, या मिक्सरशी आहे. म्हणजे माझी सांगड वरवरची होती, पण जागा फारशी चुकली नव्हती.

‘डेरी गर्ल्स’ आयरिश की ब्रिटिश, हा वाद त्या मालिकेच्या पोटातलाच आहे. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावे, ब्रिटिश म्हणावे किंवा दोन्ही म्हणावे, ही मुभा तिथला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने दिली आणि त्या करारावरील सार्वमताशीच ही मालिका संपते. लेखिका लिसा मॅगी मूळची डेरीचीच असल्यामुळे मी तिला आयरिश विनोदाच्या यादीतून काढणार नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस मुलींपैकी एक, ऑर्ला, शाळेच्या रंगमंचावर आपला वेडाविद्रा नाच करते आणि तिची फजिती होऊ नये म्हणून मैत्रिणी तिच्याबरोबर नाचू लागतात; त्याच वेळी घरातली मोठी माणसे बॉम्बस्फोटाची बातमी पाहत टीव्हीसमोर उभी असतात. सबंध पर्वभर जावयाला घालूनपाडून बोलणारा ‘जो’ नावाचा म्हातारा काही न बोलता त्याच जावयाच्या खांद्यावर हात ठेवतो. सासरा आणि जावई यांच्यात असा हात किती उशिरा आणि कशामुळे येतो, हे कळायला मला सबटायटल लागले नाही.

आणखी एक दुरुस्ती आपण सुचवली नाहीत, पण करायला हवी. फादर जॅक सतत अश्लील शिवी देतो, असे मी लिहिले होते. त्याच्या तोंडी येणारा ‘फेक’ हा शब्द आयर्लंडमध्ये घरात आजीसमोरही खपून जाण्याइतका सौम्य आहे, हे मला नंतर कळले. माझे ते वाक्य त्या म्हाताऱ्यावर अन्याय करणारे होते. तो दारुडा आहे, पण तितका तोंडाळ नाही.

सबटायटल बंद करून पाहण्याचा आपला सल्ला मी गेल्या रविवारी अमलात आणला. ‘डेरी गर्ल्स’च्या पहिल्या भागातले निम्मे संवाद डोक्यावरून गेले, लहान मुलाला तिथे ‘वेन’ म्हणतात, तो शब्द वाऱ्यासारखा येऊन गेला आणि आईच्या ओरडण्याचा फक्त चढउतार कळला. दहाव्या मिनिटाला मी सबटायटल पुन्हा सुरू केले. आता कॉर्क शहरातली ‘द यंग ऑफेंडर्स’ पाहायला घेतली आहे आणि तिथले उच्चार याहून अवघड आहेत असे ऐकते, तेव्हा सबटायटल चालूच राहतील.