नवा देश काढताय? आधी 1901 चा ऑस्ट्रेलिया बघून घ्या

सहा वसाहती जोडून एक देश काढायचा विचार पक्का झाला असेल, तर पहिलं वर्ष कसं काढायचं हे ऑस्ट्रेलियाकडून शिका.

आधी पंतप्रधान नेमा. त्यासाठी विलायतेहून एखादा लॉर्ड मागवा. पहिले गव्हर्नर-जनरल लॉर्ड होपटाऊन यांनी सरकार बनवायला बोलावलं ते विल्यम लाइन यांना, म्हणजे एकीकरणाला विरोध करणाऱ्यालाच! त्यांच्या हाताखाली यायला मातब्बर मंडळी तयार होईनात, तेव्हा एकीकरणाचे पुढारी एडमंड बार्टन यांना निरोप गेला. बार्टननी लाइन यांना गृहखातं दिलं. घर बांधू नका म्हणणाऱ्याच्याच हाती किल्ल्या.

1 जानेवारीला सिडनीत थाटामाटात घोषणा उरकून घ्या. मग राजधानी. सिडनी आणि मेलबर्न हमरीतुमरीवर येणारच, म्हणून घटनेतच लिहून ठेवा: राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून किमान 100 मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला. दोघंही सारखेच नाराज. जागेची घाई नको. संसद कॅनबेराला गेली ती 1927 साली.

निशाणासाठी स्पर्धा ठेवा. 32,823 चित्रं येतील. बक्षीस पाच जणांत वाटा आणि कोपऱ्यात युनियन जॅक राहू द्या. नवा देश झाला म्हणून इतकं मोकळं सुटायचं नसतं.

आता खरं काम. जकातीवरून भांडणारी माणसं एका बाबतीत चटकन एकत्र येतात: कुणाला आत घ्यायचं नाही. कायद्यात मात्र ‘गोरे’, ‘काळे’ लिहू नका, लंडनला अवघडल्यासारखं होतं. हिंदुस्थानही त्याच साम्राज्यात ना! दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीनं हिंदी लोकांना अडवायला 1897 मध्ये भाषेची अट घातली होती, ती युक्ती उचला. येणाऱ्याला युरोपातल्या भाषेतला 50 शब्दांचा उतारा लिहायला सांगा. भाषा कुठली, हे अधिकारी ठरवेल. मुंबईहून आलेला कुणी पदवीधर फाडफाड इंग्रजी लिहायला लागला तर गडबडू नका, स्वीडिशमध्ये घ्या. स्वीडिशही आली? ग्रीक आहे की! गोऱ्या पाहुण्याला परीक्षेचा त्रास कशाला, त्याला चहा विचारा.

टपालाच्या कायद्यात एवढाही आडपडदा नको. सरकारी टपाल नेण्याचा ठेका देताना स्पष्ट लिहा, कामावर फक्त गोरे मजूर. आगबोटींवर राबणाऱ्या कोकणी खलाशांनी पिशव्यांना हात लावला तर पत्रातला मजकूर बिघडत असावा. क्वीन्सलँडच्या उसात राबायला आणलेल्या पॅसिफिक बेटांवरच्या मजुरांना परत धाडायचा कायदाही याच वर्षी करून टाका. साखर राहू द्या.

आणि जे मुळात तिथलेच? त्यांना हाकलायचं कुठं, हा पेच आहे. पण घटनेचं कलम 127 बघा: लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरायचं नाही. कलम 1967 पर्यंत टिकलं, म्हणजे मसुदा चांगलाच पक्का होता.

रेल्वेचं एवढं मनावर घेऊ नका. न्यू साउथ वेल्सचा रूळ 4 फूट साडेआठ इंच, व्हिक्टोरियाचा 5 फूट 3 इंच. एक झालेल्या देशाच्या नागरिकानं दोन्हींच्या सीमेवरच्या ऑल्बरीला उतरावं, बोचकी उचलावीत आणि दुसऱ्या गाडीत बसावं. सिडनी–मेलबर्न थेट गाडी 1962 साली सुरू होणार आहे, तोवर सामान बेतानंच घ्या.